पालथं घड्याळ

माझ्या पत्रकातली उद्गारचिन्हं मोजणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. लोक पत्रक घेतात, घडी करून खिशात कोंबतात, फारतर त्यात भजी बांधून देतात. बाईंनी ते शाळेच्या पडवीत उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, मग पेनचं टोपण प्रत्येक ओळीवरून फिरवत नेलं आणि म्हणाल्या, "अकरा."

"काय अकरा?"

"अकरा वेळा ओरडली तू एका पानात. घसा नाही बसला?"

मी चिडले. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, अमरावतीला कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहीत होते, आणि चिडणं हेच माझं पूर्णवेळ काम होतं. अपंग मुलांच्या शिक्षणासाठी भांडणाऱ्या आमच्या लहानशा गटानं मला अकोल्याला पाठवलं होतं. बार्शीटाकळीच्या आसपासच्या शाळा पाहायच्या. कुठे उतार नाही, कुठे संडासात जाता येत नाही, कुठे पोराला दाखलच करून घेतलं नाही, ते लिहून काढायचं, छापायचं, वाटायचं. मला वाटे, खरं ते ठळक टायपात छापलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं उद्गारचिन्ह करतं.

"या गोष्टी ओरडण्यासारख्याच आहेत," मी म्हणाले.

"हायेत ना. म्या कुठं नाही म्हनलं? पण ज्याचं दुखते तो अकरा वेळा नाही ओरडत वं. एकदाच ओरडते. मंग गुमान बसते."

अशी आमची ओळख झाली. बाईंचं नाव इथे लिहिणार नाही. "लिहाचं तर लिही, पण नाव नोको, अन मले देवी करू नोको," अशी त्यांची अट आहे. पहिली पाळते. दुसरी जमेल तितकी.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, खांद्यात जरा वाकलेल्या. सुती साडी, पदराला दोन सेफ्टी पिना, पायात पुरुषी चपला आणि मनगटावर मोठ्या डायलचं बाप्याचं घड्याळ. राहायच्या अकोल्यात आणि रोज स्कूटीनं बार्शीटाकळीजवळच्या एका गावातल्या सरकारी शाळेत यायच्या. पाचवी-सहावीचा वर्ग त्यांच्याकडे होता. चाळिशीत, उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये, त्यांनी विशेष शिक्षणाची पदविका केली होती, तेव्हापासून आजूबाजूच्या चार गावांतली न ऐकणारी, न बोलणारी, उशिरा समजणारी, चालू न शकणारी मुलं त्यांच्याच वर्गात येत. 'विशेष' हा शब्द मात्र त्यांना आवडत नसे. म्हणायच्या, "इथं साध्या पोट्ट्यायचे नखरे काय कमी हायेत? एकाले पोट दुखल्याबिगर पाढे येत नाही. एकीले खिडकीपाशी बसल्याबिगर लिवता येत नाही. नखरे पाहून शिकवा लागते, इतकीच त्याची पदविका."

मूळच्या त्या अमरावतीच्या, भिक्षुकाच्या घरातल्या. वडील पूजा सांगायला जात. माहेरी फोनवर बोलताना बाईंची भाषा एवढी स्वच्छ की मला पहिल्यांदा ऐकून वाटलं, दुसरंच कोणी बोलतंय. फोन ठेवला की परत 'कावून' आणि 'तुले'. हे ढोंग आहे, असं मी एकदा तोंडावर म्हणाले. तेव्हा मी काहीही तोंडावर म्हणत असे. बाई म्हणाल्या, "पोट्टे घरून भाषा घेऊन येतात. थे दारात काढून ठेवा म्हनाले भाषा काय चप्पल हाय? पयले म्या त्यायची शिकली, मंग त्यायले माही शिकवली. दोनी येतात त्यायले आता. मलेही."

त्यांचं सगळं शिक्षणशास्त्र त्या भिक्षुकाच्या घरातून आलेलं होतं, पण पोथीतून नव्हे. त्यांचा धाकटा भाऊ जन्मात एक शब्द बोलला नाही. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवत. पण वडिलांची पूजेची पिशवी तो भरत असे. पळी, पंचपात्र, ताम्हण, जानवी, सुपाऱ्या, सगळं ठरल्या क्रमानं. कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून आलं होतं. एकदा वडिलांना उशीर झाला म्हणून त्यांनी स्वतःच पिशवी भरली आणि निघाले. हा दारात हात पसरून उभा. वडील ओरडले, आईनं ओढून बाजूला केलं. यजमानाच्या घरी जाऊन पिशवी उघडली तर गणपती मांडायला सुपारीच नाही.

"बाबा घरी आले," बाई सांगत, "अन त्याच्यासमोर मांडी घालून बसले. पिशवी ठेवली समोर. विचारलं, 'आणखी काय राहिलं होतं?' जलमात पयल्यांदा विचारलं त्याले कोनी काही. अन बाबा बसून राह्यले. लय वेळ. मंग तो उठला, घरात गेला, अन काडीपेटी आनून ठेवली पिशवीत. त्याले काय येत नाही, ते सारी गल्ली सांगत होती. काय येते हे विचाराले सुपारी हरपा लागली."

म्हणून दर जूनमध्ये, शाळा उघडली की पहिले पंधरा दिवस बाई पुस्तक काढतच नसत. प्रत्येक मुलानं बाईंना एक गोष्ट शिकवायची. काहीही. पण बाईंना येत नसलेली. त्यासाठी त्यांनी एक लांबोळी वही ठेवली होती आणि तिच्यात शिकवणाऱ्याचं नाव, विषय आणि निकाल असं स्वतःच्या हातानं लिहीत. मी ती वही पाहिली आहे. 'कपाशीच्या बोंडातली अळी बाहेरून ओळखणे: पास, दुसऱ्या खेपेला.' 'शिट्टी, दोन बोटांची: नापास.' 'बकरीचं दूध काढणे: नापास, लाथ बसली.' सरकारी नोंदवहीत याच मुलांसमोर 'वाचन नाही', 'गणन नाही', 'प्रगती असमाधानकारक' असं लिहिलेलं. दोन्ही वह्या एकाच कपाटात, एकीवर एक.

त्या वहीत एका मुलीच्या नावापुढे सलग दोन वर्षं एकच नोंद होती. 'अष्टा-चंगा: नापास.' ही मुलगी आता सहावीत होती, बारा वर्षांची. तिचे पाय चालत नाहीत, हात म्हणतील तिकडे जात नाहीत, आणि शब्द तोंडातून सुटायला वेळ लागतो. पटावर चिंचोके दुसऱ्यानं टाकायचे, सोंगट्या दुसऱ्यानं हलवायच्या, ती फक्त सांगणार कुठली, किती. आणि बाई दरवर्षी हरणार. तिच्या मामाचं बार्शीटाकळीला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीला सायकलची दोन चाकं लावून तिला गाडी करून दिली होती. सगळ्या तालुक्यात तशी खुर्ची एकच. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

त्या मुलीवरून बाईंनी एका साहेबांशी काय केलं, ते मला हेडसरांनी सांगितलं, सांगतानाही घाम पुसत. वरून तपासणीला साहेब आले होते. वर्गात शिरून त्यांनी मुलीला प्रेमानं विचारलं, "काय नाव बाळ तुझं?" मुलीनं तोंड उघडलं, मान एका बाजूला गेली, शब्द जुळायला लागला. तेवढ्यात साहेब बाईंकडे वळले. "नाव काय हिचं? बोलता येत नाही का?"

बाई हेडसरांकडे वळल्या. "सर, या साहेबांचं नाव काय?"

हेडसरांनी चाचरत सांगितलं.

"चहा पितात का ते? साखर चालते ना त्यांना? रस्त्यात त्रास नाही ना झाला त्यांना?"

"अहो बाई," साहेब म्हणाले, "मी इथं उभा आहे. मला विचारा ना!"

"तेच म्हणतेय ती केव्हाची," बाई म्हणाल्या, साहेबांसाठी त्या शुद्ध बोलत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, टेबलावर पालथं ठेवलं. "थांबा. नाव सांगतेय."

मुलीनं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, गाव सांगितलं, आणि मग विचारलं, "तुमचं?" साहेबांनी आपलं नाव सांगितलं, पूर्ण. शेरेबुकात त्यांनी 'शिक्षिकेचे वर्तन उद्धट' असं लिहिलं, आणि जाताना मुलीला हात जोडून "येतो" म्हणाले. दोन्ही मनापासून.

ते पालथं घड्याळ हा त्या वर्गाचा कायदा होता. प्रश्न विचारला की बाई घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवत. ते पालथं असेपर्यंत कुणी बोलायचं नाही, उत्तर पुरवायचं नाही, सुस्कारा टाकायचा नाही. बाहेरून आलेल्याला तो वर्ग भयंकर वाटे. मी पहिल्यांदा बसले तेव्हा मला खोकला आला. चाळीस पोरं आणि आवाज फक्त पंख्याचा. मग कुणीतरी अडखळत 'सदतीस' म्हणे, बाई घड्याळ हातावर चढवत आणि वर्ग पुन्हा कलकलायला लागे. अभ्यासक्रम अर्थातच पुरा होत नसे. दरवर्षी एक धडा राहायचा. कुठला सोडायचा ते मुलं मतदानानं ठरवत, आणि बाईंचं म्हणणं असं की तो धडा सगळे घरी चोरून वाचतात.

आणि त्या मुलीला सूट नव्हती. आधीच्या वर्गात तिला गृहपाठ कुणी विचारत नसे. बाईंनी विचारला, तिनं केला नव्हता, बाई इतर पाच जणांबरोबर तिलाही रागावल्या. हेडसरांना ते क्रूर वाटलं. संध्याकाळी मुलीच्या आईनं मला सांगितलं, "ताई, घरी आल्याबरोबर हासून राह्यली होती. म्हने, माय, मले बी रागावल्या. सायच्यासंगं." 'सायच्यासंगं' म्हणजे सगळ्यांसोबत. हा शब्द तिनं दोनदा म्हटला म्हणे, आणि तिला एकदा म्हणायला किती वेळ लागतो ते आईला ठाऊक होतं.

आता माझ्यावर येते.

त्या शाळेचा संडास मैदानापलीकडे होता. तीन पायऱ्या, वर अरुंद दार. खुर्ची जाणं शक्य नाही. मला दिसलं की मुलीची पाण्याची बाटली सकाळी भरलेली येते आणि संध्याकाळी भरलेलीच जाते. मी तिच्या आईला विचारलं. आईनं सांगितलं, पोरगी शाळेत पाण्याचा घोट घेत नाही, म्हणजे जावंच लागत नाही. मुलगी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर बसली होती. मी तिला नाही विचारलं. तिच्याकडे मी पाहिलं, डोळ्यात पाणी आणून पाहिलं, एवढं आठवतं.

तशीच बाईंकडे गेले. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही गप्प?"

"दोन वर्षं झाले अर्ज करून राह्यली. तिले विचारलं, तवरक उचलून नेऊ का? नाही म्हने. बारा वर्षांची पोरगी हाय, तिनं नाही म्हनलं तर नाही."

"बाई, तुमच्या वाट पाहण्यानं उतार होणार नाही."

बाई म्हणाल्या, "खरं हाय. माह्यानं नाही झालं."

मला वाटलं, मी जिंकले.

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. 'पाणी न पिणारी विद्यार्थिनी' असा मथळा. 'ही बिचारी दिवसभर तहानलेली का राहते? तुमच्या तीन पायऱ्यांसाठी!' नाव छापलं नाही. फोटो छापला, पण डोळ्यांवर काळी पट्टी टाकली, कारण आम्ही जबाबदार लोक होतो. बार्शीटाकळीच्या आठवडी बाजारात आम्ही ते भाजीवाल्यांपासून बसस्टँडपर्यंत वाटलं. डोळे झाकले होते. निळी खुर्ची झाकली नव्हती.

तिच्या मामाच्या दुकानात तीन जणांनी ते नेऊन दिलं. गावात, शेतात, पिठाच्या गिरणीवर बायका तिच्या आईला विचारू लागल्या, "खरंच का वं, जातच नाही का थे?" शाळेतल्या एका पोरानं मैदानात तिच्यासमोर पाण्याचा नळ सोडून दाखवला. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठवड्यानं वडील येऊन हेडसरांना सांगून गेले, पोरगी आता घरीच राहील. त्यांचा माझ्यावर राग नव्हता. ते म्हणाले, "ताईनं चांगल्यासाठीच केलं असंन. पण आता तिचं तोंड बंद झालं. घरी बी बोलत नाही."

मी बाईंकडे गेले ते शिव्या खायला. तयारी करून. बाई वर्ग झाडत होत्या. केरसुणी ठेवून त्यांनी मला मोझरीची गोष्ट सांगितली.

"लय वर्सं झाले. मोझरीच्या आश्रमाले, गुरुकुंजाले, सहल नेली होती. वर्गात एक पोरगं होतं, त्याले दिसत नव्हतं. चार वाजता बस सोडाची होती. म्या घड्याळ पाह्यलं अन मनात म्हनलं, दिसत तर काहीच नाही याले, कुठं चालत बसन. ड्रायव्हरपाशी बसवलं, हातात केळ देलं. वापस आल्यावर मायनं विचारलं, काय काय पाह्यलं रे? थे म्हने, बस पाह्यली." बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. "आत भजन चालू होतं, खंजिरीवर. त्याले जवळून आयकाचं होतं, म्हने. म्या विचारलंच नाही. घड्याळ पाहून राह्यली होती ना."

मला वाटलं त्या मला धीर देताहेत. तसं नव्हतं. त्या म्हणाल्या, "उद्या शाळा सुटल्यावर येजो. तिच्या घरी जाऊ. तू बोलाचं नाही."

पहिल्या दिवशी आम्ही तिच्या अंगणात सतरंजीवर बसलो. मुलगी खुर्चीत, तोंड भिंतीकडे. बाईंनी एकच विचारलं, "शाळेत यायचं का?" आणि घड्याळ सतरंजीवर पालथं ठेवलं. आईनं चहा दिला. कोंबड्या येऊन गेल्या. माझ्या तोंडात माफीची चार वाक्यं तयार होती, चारही सुंदर. ऊन अंगणातून भिंतीवर गेलं. बाई उठल्या. "आजचं उत्तर 'नाही' हाय. नाही बी उत्तरच असते." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वाटेत मी म्हणाले, असं किती दिवस? बाई म्हणाल्या, "तुले कुठं जाचं हाय?"

तिसऱ्या दिवशी मुलगी भिंतीकडून वळली. माझ्याकडे पाहून, एकेक अक्षर ओढून आणत म्हणाली, "कागद... वाच."

पत्रक माझ्या झोळीत होतंच. मी ते तिच्यासमोर वाचलं. स्वतः लिहिलेलं पत्रक मी शंभर वेळा वाचलं असेल, माईकवर, चौकात. जिच्याबद्दल आहे तिच्यासमोर कधी वाचलं नव्हतं. तिनं मध्येच हात हलवला. थांब. मी थांबले. तिची मान एकीकडे गेली, जबडा हलला, बाईंनी घड्याळाला हात लावला नाही.

"बिचारी," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "कोन हाय?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी उत्तर पुरवलं नाही.

मग ती बाईंकडे वळून म्हणाली, "मी... सांगीन."

"कोनाले?"

"सायच्याले."

ग्रामसभा पुढच्या आठवड्यात होती, शाळेच्याच मैदानात. समोर त्या तीन पायऱ्या. तिचे वडील नको म्हणत होते. आईनं खुर्ची ढकलत आणली. गर्दी बरी होती, अर्धी तिला पाहायला आलेली, हे मी आता लिहू शकते. सरपंच एक बाई होत्या. खुर्चीवर त्या बसायच्या आणि बोलायचे त्यांचे यजमान. मुलगी पुढे आली, तिनं तोंड उघडलं, मान वळली. यजमानांनी लगेच हात वर केला. "समजलं, समजलं! पोरीले उतार पाहिजे. निधी आला की करून टाकू. पुढचा विषय."

बाई उठल्या. सरपंचांच्या टेबलापर्यंत गेल्या, घड्याळ काढलं, टेबलावर पालथं ठेवलं. तिथे त्यांच्या शाळेत शिकून गेलेली किमान तीस तरुण पोरं-पोरी उभी होती. ती सगळी एकदम गप्प झाली. मग त्यांच्या बाजूचे गप्प झाले. यजमान "बाई, हे काय..." म्हणाले आणि त्यांच्याच पुतण्यानं त्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

मैदानात एवढी शांतता की खुर्चीच्या चाकाची कुरकुर ऐकू येत होती. ती शब्द जुळवत होती. पहिला आला आणि मोडला. कुणी हसलं नाही. मला ठाऊक होतं ती काय म्हणणार. उतार. संडास. हक्क. मी तिच्यासाठी ते मनात किंचाळत होते. आणि मी गप्प बसले. त्या वर्षात मी केलेलं सगळ्यात मोठं काम तेच.

"मले," ती म्हणाली. "शायेत. पानी. प्याचं हाय."

एवढंच.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायकांमधून कुणीतरी नाक पुसलं. यजमानांनी घसा खाकरला, पण त्यांच्याआधी एक आवाज आला. बारीक, सवय नसलेला. सरपंचबाई बोलत होत्या. "लिवून घ्या," त्या ग्रामसेवकाला म्हणाल्या. "उतार या महिन्यात सुरू कराचा. अन तवरक पोरगी माह्या घरी येईन. शायेच्या बाजूलेच हाय, पायरी नाही. दार मी मोठं करून घेतो." यजमान त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्यांना वाटलं असेल, हिला बोलता येतं?

मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली. संध्याकाळी तिची बाटली रिकामी गेली. उताराला पुढे वेळ लागलाच, आणि पहिला केला तो एवढा चढा की मिस्त्रीला तिनं स्वतःच्या खुर्चीत बसवून खालून वर जायला लावलं आणि मग तो फोडून पुन्हा करवला. आमच्या गटानं त्याचं पत्रक काढावं असं मी सुचवलं नाही. तिनं सुचवलं. मजकूर तिचा, तीन ओळी, उद्गारचिन्ह शून्य. फोटोही तिनंच निवडला, डोळे उघडे, खुर्ची पूर्ण. हे लिखाणही आधी तिला वाचून दाखवलं आहे. तिनं एक वाक्य खोडलं, ते यात नाही.

पण बाई कळायच्या असतील तर ग्रामसभेची संध्याकाळ सांगायला हवी. बाईंनी मला स्कूटीवरून बार्शीटाकळीच्या बसस्टँडवर सोडलं. मला अकोल्याची बस धरून पुढे अमरावतीला जायचं होतं. मी खुशीत होते. बडबडत होते. म्हणाले, बघा बाई, शेवटी तीच गोष्ट, तेच पाणी. मी छापलं तेव्हा ती घरात कोंडून बसली आणि आज तिनं तेच म्हटलं तर पूर्ण गाव उठलं.

"तेच म्हनलं ना तिनं?" बाई म्हणाल्या.

"तेच. शब्दसुद्धा जवळजवळ तेच."

"मंग फरक काय झाला?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तरं नेहमी तयार असतात. प्रतिनिधित्व, सन्मान, स्वतःचा आवाज. सगळी ठळक टायपात. बाईंनी हात वर केला. मग त्या बाकावर बसल्या, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि आमच्या दोघींच्या मध्ये, बाकाच्या फळीवर पालथं ठेवलं.

अकोल्याची बस लागली. कंडक्टर दोनदा ओरडला. मी त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. बस गेली. कुणीतरी शेंगा विकत पुढून गेलं. बाई समोरच्या झाडाकडे बघत बसल्या होत्या, जशा त्या अंगणात बसल्या होत्या, तितक्याच निवांत. दुसरी बस आली.

मी उठले नाही.